कात्रीचा कौल

फुगेबाईंना पुरस्कार या शब्दाचीच शिसारी यायची. त्यातही लोकांनी मतं देऊन ठरवलेला पुरस्कार म्हटला की त्यांच्या कपाळावर आठी चढायची, ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत उतरायची नाही. "चार शहाण्यांनी मिळून चूक केली तर तिला चूक म्हणतात," त्या म्हणायच्या, "आणि चार हजार अडाण्यांनी मिळून तीच केली की तिला कौल म्हणतात." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की छापखान्यातले लोक ते त्यांच्याआधीच पुरं करायचे. त्याचाही त्यांना राग यायचा.

फुगेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चित्रकथेत माणसाच्या तोंडाशी पांढरा फुगा काढलेला असतो आणि त्यात त्याचं बोलणं लिहिलेलं असतं. तो फुगा आणि त्यातली अक्षरं काढणं हे त्यांचं काम. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीखाली त्यांचं टेबल होतं. खालून दिवा लागणारी काच, बारीक-जाड टोकांचे टाक, काळ्या शाईची दौत, चूक झाकायला पांढऱ्या रंगाची डबी आणि तरीही झाकली गेली नाही तर खरवडायला एक पातं. तरुणपणी त्या टेबलाशी बसल्या आणि तिथेच म्हाताऱ्या झाल्या. नायक ओरडला की अक्षर जाड, कुजबुजला की बारीक, मरायला लागला की शेवटच्या शब्दापुढे टिंबं. "इतक्या जणांच्या मरणाची टिंबं काढली मी," त्या सांगायच्या, "पण एक मेला मेला नाही. पुढच्या अंकात हजर!"

त्यांचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अक्षराला पोट असतं, त्या पोटात हवा राहू दे, एवढी एकच शिकवण त्यांनी लेकीला दिली आणि तेवढ्यावर तिचा जन्म निभावला. आई लवकर गेली. मागे उरलेला लहान भाऊ बाईंनीच वाढवला. त्याला न्हाऊ घातलं, शाळेत ओढत नेलं, तापात रात्ररात्र उशाशी बसल्या. गणिताच्या वहीत तो आकड्यांऐवजी माणसं काढायचा म्हणून मास्तरांनी बोलावून घेतलं, तेव्हा बाईंनी ती वही मास्तरांपुढून उचलली आणि थेट छापखान्याच्या मालकांपुढे नेऊन ठेवली. लग्नाचं विचारायला एकदोघं आले होते, पण भावाला सोबत घेऊन येईन म्हटल्यावर त्यांना अचानक महत्त्वाची कामं आठवली. बाईंना त्याचं दुःख झालं नाही. पुरुषांबद्दल त्यांचं मत आधीच बरं नव्हतं.

हा भाऊ घरात धाकटा, म्हणून छापखान्यातही धाकटाच. केस पिकले तरी सगळे त्याला धाकटाच म्हणत. त्याची एक चित्रकथा दर महिन्याला निघायची, 'किल्लीवाला' नावाची. किल्ली हरवलेल्या लोकांची कुलपं उघडून देणारा एक साधा कारागीर, बस, एवढंच. प्रत्येक अंकात एक घर, एक बंद दार आणि ते उघडण्याची खटपट. शेवटचं पान मात्र सबंध एकच चित्र असायचं. दार उघडलेलं आहे, आत जे काय आहे ते दिसतंय, आणि कुणीही काहीही बोलत नाही. त्या पानावर बाईंना एकही अक्षर काढायचं नसे. तरीही ते पान टेबलावर आलं की त्या टाक पुसून बाजूला ठेवायच्या आणि बघत बसायच्या. अख्ख्या छापखान्यात ज्याला नाक मुरडावं असं त्यांना कधी वाटलं नाही, असं ते एकच पान होतं.

कारण बाकी सगळा कारभार 'कॅप्टन तडाखा'चा. या गृहस्थाची छाती एवढी की दारातून आत यायचं तर त्याला आडवंच व्हावं लागेल, पण तो दारातून येतच नसे, भिंत फोडून यायचा. डोकं नावाचा अवयव चित्रकारानं केवळ मुखवटा अडकवायला काढलेला. त्याच्या अंकात बाईंना 'धाड', 'फाड' आणि 'खाड' एवढे तीन शब्द आलटून पालटून काढावे लागत. उथळ पाण्याला खळखळाट फार, म्हणून त्याचा खपही फार.

आता या पुरस्काराचा इतिहास. तो सांगायलाच हवा, कारण जगात इतक्या थोड्या अकलेवर इतकी मोठी इमारत दुसरी कुणी बांधली नसेल.

आधी चित्रकथांना पुरस्कार द्यायचे ते तज्ज्ञ. तज्ज्ञ म्हणजे ज्यांनी जन्मात चित्रकथा हातात धरली नाही असे तीन विद्वान. ते दरवर्षी दात घासण्याचं किंवा रस्ता ओलांडण्याचं महत्त्व सांगणाऱ्या एखाद्या पुस्तिकेला बक्षीस द्यायचे आणि चहा पिऊन घरी जायचे. वाचक याला कंटाळले. त्यांच्यातला एक विमा कंपनीतला कारकून उठला, त्यानं छातीवर स्वतः बनवलेला बिल्ला लावला, चाहत्यांचं मंडळ काढलं आणि स्वतःला त्याचा अध्यक्ष नेमून घेतलं. "आमची आवड आम्ही ठरवू!" अशी त्यांची घोषणा. तज्ज्ञ मूर्ख होते यात वाद नाही. पण आगीतून उठून फुफाट्यात पडायचं असतं, हे या मंडळींनी फार मनावर घेतलं.

पहिल्या वर्षी एका शाळेचं सभागृह घेऊन हात वर करून मतदान झालं. जो चित्रकार आपले मामा, मावश्या, आतेभाऊ आणि त्यांची पोरं असा सगळा गोतावळा घेऊन आला होता तो जिंकला. त्यातल्या एका मावशीनं दोन्ही हात वर केले होते. पुढच्या वर्षी पोस्टकार्डं. त्यात एकाच माणसानं ढीगभर कार्डं लिहिल्याचं उघड झालं. त्या बापड्यानं निदान शाई तरी बदलली होती, असं बाई म्हणाल्या. तो माणूसच पुढे 'मतदानात गैरप्रकार' या विषयावर भाषणं द्यायला लागला. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! मग अध्यक्षांना कुपनाची कल्पना सुचली. अंकातच कुपन छापायचं, वाचकानं ते कापून पाठवायचं, एक अंक, एक कुपन, एक मत. अग्नीचा शोध आपणच लावला अशा थाटात ते ही कल्पना सगळ्यांना समजावत फिरले. प्रकाशकांनी लगेच आपापल्या गोदामातले न खपलेले अंक काढून कात्र्या चालवायला सुरुवात केली. कुंपणच शेत खायला लागलं, पण अध्यक्ष म्हणाले, मतदानाचा उत्साह वाढतोय.

पुरस्कारही वाढत गेले. उत्कृष्ट नायक, उत्कृष्ट खलनायक, उत्कृष्ट मुखवटा, उत्कृष्ट झगा, उत्कृष्ट सहायक प्राणी. अक्षरांसाठी अर्थातच काही नव्हतं. समारंभाच्या शेवटी, लोक खुर्च्या मागे सारत असताना, अध्यक्ष घाईघाईनं 'पडद्यामागच्या सर्व हातांचे' आभार मानायचे. "हात नुसते," बाई म्हणायच्या. "माणूस चिकटलेलं असतं त्याला, हे यांना कुणीतरी सांगा."

आणि ते कुपन लिहायचं कामही बाईंकडेच आलं. तुटक रेघेची चौकट, कोपऱ्यात इवलीशी कात्री, आत 'माझी आवडती चित्रकथा'. प्रश्न एवढाच होता की छापायचं कुठे. मुखपृष्ठाचा जाड कागद दुसऱ्या छापखान्यातून महिनाभर आधीच छापून येई, त्यामुळे तिथे नाही. मधल्या पानांवर जाहिराती. उरलं गोष्ट संपल्यानंतरचं आतलं शेवटचं पान. मालक म्हणाले, "टाका तिथे, कोपऱ्यात आहे, कुणाचं काय जातंय?" कुणाचं काही गेलं नाही. चित्रकथेच्या छापखान्यात प्रत्येक पान सुटं येतं, सुटं तपासलं जातं. त्याच्या पाठीवर काय छापलं जाणार, हे बघण्याची कुणालाच सवय नसते. बाईंनाही नव्हती.

'किल्लीवाला'ला दरवर्षी मूठभर मतं पडायची. धाकटा दरवर्षी इस्त्रीचा शर्ट घालून समारंभाला जायचा आणि रांगेच्या कडेची खुर्ची धरायचा, नाव पुकारलं तर लोकांच्या पायांना धक्का न लागता उठता यावं म्हणून. बक्षीस म्हणजे पंख फुटलेली पितळेची पेन्सिल. असली वस्तू घरात आणायला लाज वाटावी, आणि हा माणूस तिच्यासाठी झुरत होता.

एका वर्षी समारंभाहून आल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. बूटही काढले नव्हते.

"ताई, पुढचं वर्ष शेवटचं. नाही आलं बक्षीस, तर किल्लीवाला बंद."

"आणि तू काय करणार?"

"मालकांनी विचारलंय. तडाख्याच्या मागची घरं काढायची. तो पाडतो ना, ती."

"म्हणजे तू रोज उठून घरं बांधायची आणि त्या रेड्यानं ती पाडायची?"

"त्याला वाचक आहेत, ताई. मला कुणी वाचतच नाही. तूच सांग, कुणासाठी काढू?"

'माझ्यासाठी' असं बाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. पण असलं बोलायची त्या घरात रीत नव्हती. त्या नुसत्याच "आधी बूट काढ" म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांना एकच घोर लागला. किल्लीवाला बंद पडला तर धाकटा जिवंत राहील, जेवेल, झोपेल, पण ज्याच्यासाठी त्यांनी त्याला मास्तरांच्या हातून सोडवून आणलं होतं तो माणूस राहणार नाही.

नंतर थोड्याच दिवसांनी छापखान्याच्या कपाटातला 'किल्लीवाला'चा एक जुना अंक कुणीतरी नेला आणि परत आणलाच नाही. तो शोधायला बाई जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेल्या. दुकानदार स्टुलावर बसून चित्रकथांचे ढीग लावत होता. तडाख्याचा ढीग त्याच्या कमरेपर्यंत. बाईंनी सहज एक उचलला, तर शेवटच्या पानाला चौकोनी भोक. दुसरा, त्यालाही भोक.

"हे काय, उंदीर लागलेत का?"

"उंदीर कसले बाई, मतदार!" दुकानदार हसला. "कुपनं कापतात. तडाखा भोकाशिवाय मिळायचा नाही तुम्हाला."

"आणि किल्लीवाला?"

"त्याला भोक पडलेला एकही अंक माझ्याकडे आजवर आलेला नाही. मुळात येतातच कमी. लोक विकत नाहीत. माणूस गेला की वारस आणून टाकतात."

त्यानं वरच्या फळीवरून एक अंक काढून दिला. बाईंनी शेवटचं पान उघडलं. एका बाजूला त्यांच्याच हातचं कुपन, तुटक रेघ, कात्री. पान उलटलं. दुसऱ्या बाजूला उघडं दार, आणि कुपनाची चौकट नेमकी त्या दारावर. पुन्हा उलटलं. हातच्या काकणाला आरसा कशाला? ज्याला हे चित्र आवडलं त्यानं मत द्यायचं तर आधी हेच चित्र कापायचं. आणि तडाख्याच्या अंकात त्या जागी काय, तर 'पुढील अंकी महाभयंकर टक्कर'. ते कापायला कुणाला काय वाटणार!

म्हणजे इतकी वर्षं हा पुरस्कार आवडीचा नव्हताच. कुठल्या अंकावर कात्री चालवताना हात अडखळत नाही, त्याचा होता. हे कळल्यावर बाईंना एवढं हसू आलं की दुकानदारानं पाणी पुढे केलं. एका अर्थानं त्यांना ते सुखाचंच होतं. ज्याचा आयुष्यभर तिरस्कार केला तो खरोखरच तिरस्काराच्या लायकीचा निघावा, यासारखं समाधान नाही.

धाकट्यानं मात्र ऐकून घेतलं नाही. "न कापलेला म्हणजे न वाचलेला, ताई," तो म्हणाला. बाईंनी अंकाचे मऊ पडलेले कोपरे दाखवले, बोटांचे डाग दाखवले. "माझी समजूत नको काढू," तो म्हणाला. "मला मतं हवीत."

तेव्हा बाईंनी आपल्या हातात होतं तेवढं केलं. पुढच्या 'किल्लीवाला'तलं कुपन लिहिताना त्यांनी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात, एक ओळ जास्तीची घातली: 'कापायचं जिवावर येत असेल तर कापू नका. हातानं उतरवून पाठवा, चालेल.' कुणाला विचारलं नाही. मालक कुपन वाचत नसत. कुपन ही छापायची वस्तू आहे, वाचायची नव्हे, असं त्यांचं धोरण होतं.

आणि टपाल यायला लागलं. आधी पाकिटं, मग गठ्ठे, मग पोती. लोकांनी कुपनं उतरवून पाठवली होती. कुणी पट्टीनं तुटक रेघ मारली होती, कुणी कात्रीसुद्धा काढली होती, एकीनं तर कात्रीला रंग दिला होता. एक महाभाग कुपन उतरवण्यात एवढा रमला की आत मत लिहायलाच विसरला. कित्येकांनी बाईंचं अक्षर जसंच्या तसं गिरवायचा प्रयत्न केला होता. ते पोट, पोटातली ती हवा. बाई एकेक कागद काचेवर धरून बघत राहिल्या. या लोकांना आपण जन्मभर अडाणी म्हणत आलो, हे त्यांना आठवलं. त्यांना रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

अध्यक्ष बिल्ला लावून तपासणीला आले. ढीग बघताच त्यांनी मान हलवली. "नक्कल आहे ही. नियमात अस्सल कुपन म्हटलंय."

"अहो, कापलेलं कुपन कुठलाही उंदीर पाठवेल," बाई म्हणाल्या. "हे बसून काढलंय माणसांनी. याहून अस्सल काय हवंय तुम्हाला?"

"भावना मी समजू शकतो, पण नियम तो नियम."

"भावना समजायला विमा उतरवावा लागत नाही, म्हणून तुम्हाला जड जातंय."

मालक हे सगळं दारातून बघत होते. भावना त्यांनाही समजत नव्हती, पण न कापता जपून ठेवणारं गिऱ्हाईक पुढचा अंक घेतल्याशिवाय राहत नाही, हे त्यांना तत्काळ समजलं. सभागृहाचं भाडं कोण भरतं, एवढंच त्यांनी अध्यक्षांना विचारलं. नियम लोण्यासारखा वितळला.

समारंभात अध्यक्षांनी व्यासपीठावरून जाहीर केलं की हस्तलिखित मताची ही क्रांतिकारी कल्पना मंडळाच्या अनेक वर्षांच्या चिंतनातून आली आहे. आयत्या बिळावर नागोबा! पण बाईंना त्या क्षणी नागोबाचं काही वाटलं नाही. 'किल्लीवाला'चं नाव पुकारलं, धाकटा कडेच्या खुर्चीवरून उठला, आणि इतकी वर्षं जागा राखूनही नेमका स्वतःच्याच खुर्चीला अडखळला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. शेवटच्या रांगेत बाई पदर तोंडाशी धरून हुंदके देत होत्या. किल्लीवाला वाचला होता.

गोष्ट इथे संपती तर बाईंना पुरस्काराबद्दलचं मत बदलावं लागलं असतं. पण मतं देणारे लोक कुणाला असं सुखासुखी बदलू देत नाहीत.

धाकट्यानं पितळेची पेन्सिल टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघत चित्रं काढायला लागला. चाहत्यांची पत्रं यायची, ती तो दोनदोनदा वाचायचा. त्यांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि तिथून उतरायचं त्याला काही कारण दिसेना. कुणीतरी लिहिलं, किल्लीवाल्याला मिशी शोभेल. मिशी आली. कुणीतरी लिहिलं, तो फार एकटा वाटतो. कुत्रं आलं, कारण उत्कृष्ट सहायक प्राण्याचंही बक्षीस होतं. ते कुत्रं कानामागून आलं आणि तिखट झालं. प्रत्येक चौकटीत तेच शेपूट हलवतंय. "भीक नको, पण कुत्रं आवर," बाई म्हणाल्या. धाकटा हसला आणि त्यानं कुत्र्याच्या गळ्यात पट्टा चितारला. मग झगा आला. कुलपं उघडणाऱ्या माणसाला झगा कशाला? वारा सुटला तर त्याला स्वतःच्या किल्ल्या सापडायच्या नाहीत. पण उत्कृष्ट झग्याचंही बक्षीस होतं.

बाईंनी फुगे काढले, अक्षरं काढली. कुत्र्यासाठी 'भू' काढला. शेवटचं पान अजून गप्प होतं, तेवढ्यावर त्या तग धरून होत्या.

मग एके दुपारी धाकट्यानं शेवटचं पान काचेवर आणून ठेवलं. दार उघडलेलं, आणि दारात किल्लीवाला, वाचकाकडे तोंड करून. त्याच्या तोंडाशी पेन्सिलनं फुगा आखलेला.

"इथे काय?" बाईंनी विचारलं.

"'मित्रांनो, मत द्यायला विसरू नका.' जाड अक्षरात लिही."

बाईंनी टाक खाली ठेवला. "तो कुणाशी बोलतोय?"

"वाचकांशी."

"त्याला वाचक आहेत हे ठाऊक आहे? तो तर कुलूप उघडायला आला होता."

"ताई, आता नको तुझं ते. लोकांनी मला निवडलंय."

"गप्प बसणाऱ्याला निवडलं होतं त्यांनी. बडबड करणारा तडाखा होताच की!" त्यांचा आवाज चढला होता. "अरे, सोन्याची सुरी मिळाली म्हणून उरात खुपसून घ्यायची असते का?"

धाकट्यानं खिडकीबाहेर बघितलं. मग अगदी शांतपणे म्हणाला, "तू फक्त अक्षरं काढ ना."

इतक्या वर्षांत मालकांनी, अध्यक्षांनी, छापखान्यातल्या कुणाकुणानं त्यांचा पुष्कळदा अपमान केला होता, आणि बाईंनी प्रत्येकाला व्याजासकट परत केला होता. हा परत करता आला नाही. त्यांनी फुगा काळ्या रेघेनं पक्का केला आणि अक्षरं काढली. जाड, पोटात हवा असलेली, एकसारखी. वाईट अक्षर काढायला त्यांना येतच नव्हतं.

"आणि कुपनाखालची ती तुझी ओळ काढून टाक," जाता जाता धाकटा म्हणाला. "उतरवत बसायला लोकांना वेळ लागतो. कापलं की झालं. मतं जास्त येतील."

ती ओळ बाईंनीच घातली होती, बाईंनीच पांढऱ्या रंगानं झाकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आपल्या हातानं याला वाचवला आणि आपल्याच हातानं त्या मतांच्या तोंडी दिला, हे त्यांना रंग वाळेपर्यंत पुरतं कळलं होतं.

धाकट्याचं खरं ठरलं. मतं जास्त आली, कितीतरी जास्त. तडाखा मागे पडला. अध्यक्षांनी पोती वर पाठवली आणि धाकट्यानं ती बाईंच्याच टेबलावर ओतली, कारण त्याचं टेबल पेन्सिलीनं, पत्रांनी आणि चाहत्यांनी पाठवलेल्या खेळण्यातल्या कुत्र्यांनी भरलं होतं. नुसती चौकोनी कापलेली कुपनं. हातानं उतरवलेलं एकही नाही. ती माणसं कुठे गेली कुणास ठाऊक. त्यांना कापायचं नव्हतं आणि आता उतरवायला कुणी सांगितलं नव्हतं. ती परत गप्प झाली असणार.

धाकटा कुपनं मुठीत घेत होता, वाचत होता, हसत होता. "बघ ताई, बघ! सगळी माझी!"

बाईंनी एक उचललं आणि सवयीनं काचेवर धरलं. खालचा दिवा लागला होता, त्यामुळे कागदाच्या आरपार काहीतरी दिसलं. त्यांनी ते उलटलं. मागे किल्लीवाल्याचा कान होता आणि दाराची कड. दुसऱ्या महिन्याच्या अंकातलं एक उलटलं. त्यांच्याच अक्षरातला अर्धा फुगा, 'विसरू न'. तिसऱ्यामागे उघड्या दारातला अंधार, जो धाकटा पूर्वी दिवस दिवस बसून भरायचा. कुणाचीही कात्री कुठे थबकलेली दिसत नव्हती. कडा कशा सरळ, स्वच्छ होत्या.

"अरे," बाई म्हणाल्या, "जरा उलटून बघ ना."

"उलटून काय बघायचं?" धाकटा मान वर न करता म्हणाला. "मत पुढच्या बाजूला असतं."

मग त्यानं बघून झालेली कुपनं भरायला रिकामं पोतं पुढे केलं, आणि बाईंनी दोन्ही हातांनी पोत्याचं तोंड उघडं धरलं.